दाताचे दुखणे आणि घरची तयारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी पाहुणीने मंडळाची स्तुती करावी, चार बोधाचे शब्द सांगावेत आणि हळदीकुंकू घेऊन घरी जावे, असा रिवाज आहे. स्तुती तुमच्या कामानेच होत आहे, म्हणून ती मी करीत बसत नाही. मी या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत तीस वर्षांहून अधिक काळ परिचारिका म्हणून काम केले. त्या काळात बायकांनी सर्वांत जास्त लपवलेले आणि सर्वांत जास्त लांबवलेले दुखणे कोणते पाहिले, तर ते दाताचे. म्हणून आज त्याविषयीच बोलणार आहे.

आपल्या भाषेत दातांच्या म्हणी पुष्कळ. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. दात कोरून पोट भरत नाही. पण दाताला आपण म्हणीइतकाही मान देत नाही. ताप आला तर डॉक्टर, हात मोडला तर डॉक्टर. दाढ दुखली तर मात्र लवंग, तंबाखू आणि "बघू उद्या". सर्व दुखणी उद्यापर्यंत थांबतात असे नाही. दाताची काही दुखणी घटकाभरसुद्धा थांबत नाहीत, काही रात्र ओलांडू देत नाहीत आणि काही खरोखर दोन दिवस थांबतात. कोणते कुठले हे आधी माहीत असणे आणि त्याची सोय आधी करून ठेवणे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, ते दाताला सर्वांत जास्त लागू आहे. कारण दात दुखू लागला की माणसाला विचारच सुचत नाही.

प्रथम घटकाभरही न थांबणारी गोष्ट घेऊ. मुलाचा पक्का दात मार लागून मुळासकट बाहेर पडणे, ही ती गोष्ट. सहा-सात वर्षांपासून दुधाचे दात पडू लागतात. सात-आठ वर्षांच्या सुमारास वरचे पुढचे पक्के दात येतात आणि नेमक्या त्याच वयात मुले झाडावर, झोक्यावर, सायकलवर असतात. पुढचे दातच आधी आपटतात.

एका नागपंचमीला नऊ वर्षांचा एक मुलगा झोक्यावरून पडला. पुढचा दात मुळासकट निघून मातीत गेला. आईने तो शोधून काढला, हे तिचे शहाणपण. दात स्वच्छ व्हावा म्हणून तिने तो राखेने घासला, कोरड्या रुमालात गाठ मारून बांधला आणि गाडी मिळेल तशी चार तासांनी दवाखान्यात आली. तिने सर्व काही मायेने केले, पण दाताच्या दृष्टीने सर्व उलट झाले. दाताच्या मुळावर एक नाजूक पातळ पापुद्रा असतो. त्यातल्या जिवंत पेशींमुळे दात हाडाला धरून राहतो. घासले की तो पापुद्रा जातो आणि कोरडे पडले की त्या पेशी मरतात.

दुसऱ्या एका गावी हापशावर घसरून एका मुलीचा तसाच दात पडला. तिच्या आजीला कोणीतरी ही गोष्ट सांगून ठेवली होती. आजीने दात उचलून चहासाठी ठेवलेल्या गार दुधाच्या कपात टाकला आणि नातीला घेऊन जीपने तासाभरात दातांच्या डॉक्टरांकडे पोचली. डॉक्टरांनी दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बांधून ठेवला आणि पुढे नसेचा उपचार केला. ती मुलगी आता कॉलेजात जाते आणि दात तिच्या तोंडात आहे. दोन्ही घरे सारखीच गरीब होती. फरक पडला तो एक कप दुधाचा आणि आधी ऐकलेल्या चार शब्दांचा.

ते चार शब्द आता नीट ध्यानात घ्या. पडलेला दात शोधा आणि पांढऱ्या, चावायच्या बाजूने धरा. मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर थंड दुधाने किंवा स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली क्षणभर धरा. घासू नका, पुसू नका. मूल शुद्धीवर असेल, समजूतदार असेल, तर दात त्याच्या खळग्यात तसाच सरळ बसवा, शेजारच्या दातांशी पुढची बाजू जुळवून पाहा आणि स्वच्छ कापडाची घडी हलकेच चावायला द्या. हे धाडस होत नसेल तर दात थंड दुधात बुडवून न्या. दूध साखर न घातलेले असावे. तापवून पूर्ण निवलेलेही चालते, गरम मात्र नको. दूध नसेल तर त्याच मुलाची थुंकी एका डबीत घेऊन त्यात दात ठेवा. नुसत्या पाण्यात ठेवू नका. पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. जागेवर बसवलेला दात सर्वांत चांगला. तोंडाबाहेर कोरडा राहिलेला दात अर्ध्या-पाऊण तासातच हातचा जाऊ लागतो. दुधात तो काही तास तग धरतो. उशीर झाला तरी दात फेकू नका, घेऊनच जा.

यात दोन अपवाद आहेत. दुधाचा दात पडला तर तो परत बसवू नका. खालून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. आणि मूल बेशुद्ध झाले, वांती करू लागले, झोपाळू झाले, तर दाताचा विचार नंतर; आधी डोक्याचा मार समजून मोठ्या दवाखान्यात न्या. दात सापडलाच नाही आणि मुलाला ठसका लागत असेल, श्वासात घरघर येत असेल, तर दात श्वासनळीत गेला असण्याची शंका धरा आणि तसे डॉक्टरांना सांगा. मातीत पडून जखम झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयीही विचारा. दाताचा तुकडा पडला असेल तर तोही दुधात ठेवून न्यावा. पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो.

आता रात्र ओलांडू न देणारी गोष्ट, म्हणजे सूज. कीड आत उतरली की दातातली नस सडते, मुळाशी पू होतो आणि तो वाट शोधू लागतो. बहुधा हिरडीवर पुळी येऊन तो फुटतो. पण खालच्या शेवटच्या दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूपेक्षा खाली पोचलेली असतात. तिथला पू तोंडात न येता गळ्याकडे उतरतो. मग जिभेखालचा भाग दोन्ही बाजूंनी सुजतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने या दुखण्याचे वर्णन १८३६ साली केले. आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. पेनिसिलिनसारखी औषधे येण्यापूर्वी हे दुखणे झालेल्यांतले निम्म्याहून अधिक लोक दगावत. आज औषधे आहेत, शस्त्रक्रिया आहे. पण रोगी वेळेवर पोचला तर.

म्हणून या खुणा पाठ करा. गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकणे. तोंड दोन बोटेही न उघडणे. थुंकी गिळता न येणे व लाळ गळणे. आवाज घोगरा होणे. जीभ उचलल्यासारखी वाटणे. थंडी वाजून ताप येणे. यांतली एक जरी खूण दिसली तरी सकाळची वाट पाहू नये. रोग्याला उताणे निजवू नये, बसवून न्यावे. १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिचे भाडे पडत नाही. सुजेला बाहेरून गरम शेक देऊ नये, आणि सुई-काट्याने फोडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्या ऊसतोडीच्या बहिणी येतात. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून गाड्याच्या गाड्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर आणि पार कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फेडायची. एक दिवस फडावर गेले नाही की खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. अशा वेळी दाढ दुखली तर कोण दवाखान्यात जाणार? ती बाई तंबाखूची चिमूट दाढेत धरते, मिश्री लावते आणि मोळ्या बांधते.

अशीच एक बाई हंगाम संपता संपता माझ्याकडे आली. फाल्गुनात दाढ ठणकू लागली होती. "पंधरा दिवस राहिले, पट्टा पडला की गावाकडं बघू," असे ठरले. पट्टा पडला, गाडी गावी आली, तोवर गळा सुजून दगडासारखा झाला होता आणि पाण्याचा घोटही उतरत नव्हता. त्याच रात्री तिला मोठ्या रुग्णालयात नेले, गळ्याला छेद देऊन पू काढला. बाई वाचली. पुढे भेटली तेव्हा पदराने गळ्यावरचा व्रण झाकीत म्हणाली, "दाढच हुती न्हवं सिस्टर, म्हून काय वाटलंच न्हाई." तिच्या त्या "दाढच हुती" या शब्दांसाठीच मी आज इथे उभी आहे.

बहिणींनो, सोसणे हा आपण बाईचा गुण मानला. पण दुखणे सोसत नेऊन शेवटी अवयवच काढून टाकायचा, ही रीत आपल्या जिल्ह्याला किती महाग पडली, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशये काढून टाकण्याचा प्रश्न तेव्हा विधिमंडळात गेला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. दाताची गोष्ट तिच्याहून लहान खरी, पण वळण तेच. दुखणे लहान असते तेव्हा वेळ नसतो, आणि वेळ काढावाच लागतो तेव्हा "काढून टाका एकदाचे" एवढेच उरते. वेळेवर भरली असती तर वाचली असती अशी दाढ काढावी लागते, मग शेजारच्या कलतात, भाकरी चावत नाही आणि चाळिशीतच बाई भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागते.

आता रक्ताविषयी. दात काढल्यावर थोडे रक्त थुंकीत मिसळते. ते पाहून घाबरू नये. पण धार लागली तर स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून अर्धा तास घट्ट चावून बसावे. मधूनमधून काढून पाहू नये, सारखे थुंकू नये, चुळा भरू नयेत. त्याने धरलेली खपली निघते. त्या दिवशी तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण वर्ज्य. दोनदा असे करूनही रक्त थांबले नाही, किंवा रोगी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारा असेल, तर लगेच दवाखाना गाठावा. जबड्याला मार लागून दातावर दात बसेनासा झाला तर हाड मोडल्याची शंका धरावी. रोग्याने पुढे वाकून बसावे म्हणजे रक्त घशात जात नाही, आणि हनुवटीला हाताचा आधार देऊन न्यावे.

सूज नाही, ताप नाही, नुसती दाढ ठणकते, तर ते एक-दोन दिवस थांबू शकते. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात, दातात अडकलेला कण दोऱ्याने काढावा, गालावर बाहेरून गार पाण्याची घडी ठेवावी. लवंगेचे तेल दातांचे डॉक्टरही वापरतात. कापसावर एक थेंब घेऊन किडलेल्या खळग्यात ठेवले तर ठणका कमी होतो. मात्र ते हिरडीवर चोळू नये, लहान मुलांना लावू नये. मोठ्या माणसाने पॅरासिटॅमॉलची गोळी पाकिटावर लिहिलेल्या मापाने घ्यावी, अधिक नको. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी धरणे, बिब्बा लावणे, तंबाखू भरणे याने हिरडी भाजते आणि दाढ तशीच राहते. मेडिकलमधून परस्पर प्रतिजैविकांच्या चार गोळ्या आणून खाणे तर फसवे. ठणका दबतो, माणूस खूष होतो आणि पू आत तसाच राहतो. ठणका एकाएकी थांबला म्हणजेही दुखणे बरे झाले असे नाही. पुष्कळदा नस मेलेली असते. दवाखान्याचा बेत तेव्हाही मोडू नये.

गरोदर बहिणींविषयी एक गैरसमज आहे की, दिवस गेलेल्या बाईने दाताला हात लावू देऊ नये. तसे नाही. दातांचा आवश्यक उपचार गरोदरपणीही करता येतो. चौथा, पाचवा व सहावा महिना त्याला अधिक सोयीचा. दिवस गेले आहेत हे मात्र डॉक्टरांना आधी सांगावे आणि दुखण्याची कोणतीही गोळी न विचारता घेऊ नये. मधुमेह असलेल्यांनी तर दाताची सूज अधिक गंभीर समजावी. साखर वाढली की पू पसरतो आणि पू असला की साखर वाढते.

आता तयारी. एक पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात उकळून वाळवलेल्या पांढऱ्या सुती कापडाच्या घड्या, झाकणाची छोटी स्वच्छ डबी, मिठाची पुडी, लवंगेच्या तेलाची बाटली, पॅरासिटॅमॉलचे पाकीट आणि बॅटरी ठेवा. याला फार पैसे लागत नाहीत. त्याबरोबर एक कागद ठेवा. त्यावर जवळच्या दातांच्या डॉक्टरांचा फोन, १०८ हा क्रमांक, रात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचे नाव आणि घरात कोणाला रक्तदाब, साखर, हृदयाचे दुखणे आहे व कोणते औषध सोसत नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी मुलांनी तो वाचून पाठ करावा.

कुठे जायचे तेही आजच ठरवा. साध्या दुखण्याला तालुक्याचे दातांचे डॉक्टर किंवा जवळचे सरकारी रुग्णालय. सूज गळ्याकडे उतरली तर लहान दवाखान्यांत फिरत वेळ घालवू नका. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. खास दातांच्या मोठ्या उपचारांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातुरातही दंत महाविद्यालय आहे. बाजाराच्या दिवशी कापडावर दातांच्या कवळ्या मांडून बसणाऱ्यांपुढे तोंड उघडू नका. दंतवैद्यांची नोंदणी असावी, असा कायदा देशात १९४८ साली झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला. राज्य बदलले, कायदा आला, पण बाजारातली ती कवळी अजून आपण सोडली नाही, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी दसऱ्यापूर्वीच सर्वांचे दात दाखवून घ्यावेत. जी दाढ भाद्रपदात एका फेरीत भरून होते, तीच पौषात फडावर जीव काढते. डबा कोपीत बरोबर न्यावा. कारखान्याजवळचा दवाखाना कोणता, हे उतरल्या दिवशीच विचारून ठेवावे. आणि मुकादमाशी हिशेब ठरताना दुखण्याच्या दिवसाचा खाडा धरू नये, हेही चारचौघींनी मिळून बोलावे. एकटीचे ऐकत नाहीत, दहाजणींचे ऐकतात. जी मुले गावी आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांच्या आजीला आणि वसतिगृहातल्या ताईंना पडलेल्या दाताची आणि दुधाच्या कपाची गोष्ट सांगून ठेवावी. आई फडावर असते तेव्हा मुलाचा दात आजीच वाचवणार.

शेवटी मंडळाकडे एक मागणे आहे. बाई दवाखान्यात जात नाही ती पैशाअभावी, हे खरे; पण पुष्कळदा ती सोबतीअभावी जात नाही. "दाढेसाठी कोणाला मागे लावू?" असे तिला वाटते. मंडळाने असा एक डबा मंदिरात किंवा शाळेत ठेवावा आणि दर महिन्याला दोन भगिनींची नावे फळ्यावर लिहावीत. कोणाच्या घरी दाताचे दुखणे उठले की त्या दोघींपैकी एकीने तिच्याबरोबर निघावे. भजनाची पाळी आपण लावतोच, तशीच ही पाळी. पहिल्या महिन्यासाठी माझे नाव आजच लिहून घ्या. दुसरे नाव कोणाचे, ते चहा होण्यापूर्वी ठरवू.